पेज शिजेपर्यंत लिहा : धावपळीच्या दिवसात रोजच्या लेखनाची सवय

उकड्या तांदळाची पेज शिजायला अर्धा-पाऊण तास लागतो. चुलीवर असो नाहीतर गॅसवर, त्या वेळात कोणी स्वयंपाकघर सोडून फार लांब जात नाही. मध्ये एकदा ढवळायचं, पाणी बघायचं, जाळ बारीक करायचा. बाकी हात मोकळे. आमच्या कोकणात नेमाने लिहिणाऱ्या ज्या बायका मला माहीत आहेत, त्यातल्या काहीजणी नेमक्या याच वेळात लिहितात. ओट्यावर पळी, पळीशेजारी वही.

वाचनालयात आम्ही लिहिणारी मंडळी अधूनमधून जमतो, तेव्हा ‘वेळच मिळत नाही’ हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. ते खरंच आहे. पाहुण्यांचं घर चालवणारीला, एसटीच्या कंडक्टरला, आंब्याच्या बागेत राबणाऱ्याला, म्हातारी माणसं आणि मुलं सांभाळून अंगणवाडीत जाणाऱ्या सेविकेला सलग दोन तास कोण देणार? तेव्हा दोन तास मागणारी सवय लावायच्या भानगडीत पडूच नये. दहा मिनिटांत भागेल अशी लावावी. पुढे जे सांगणार आहे ते या दहा मिनिटांबद्दल.

दहा मिनिटं ऐकून कोणाला हे हौशी काम वाटेल, तर आपल्याच किनाऱ्याकडे बघावं. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते आणि त्याच वर्षांत कादंबरीकार म्हणून महाराष्ट्रभर पोचले. कवी-कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकरांची कुडाळला खानावळ होती. दापोलीजवळच्या मुर्डीत जन्मलेले कादंबरीकार श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते. मालगुंडचे केशवसुत शाळामास्तर. पोटापाण्याचं काम सांभाळून लिहिणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

आधी आठवडाभर फक्त दिवस बघा

पहिल्या आठवड्यात एक ओळही लिहू नका. वाण्याच्या यादीचा एखादा पाठकोरा कागद घ्या आणि दिवसात कुठे कुठे पाच-दहा मिनिटं तुम्ही कशाची तरी वाट बघत होता, तेवढं टिपा. वाट बघण्यात आपला किती वेळ जातो हे लिहून काढल्याशिवाय कळत नाही. एसटीची वाट, खाडी ओलांडायच्या तरीची वाट, लाईट यायची वाट, टाकीत पाणी चढेपर्यंतची, दवाखान्यातल्या नंबराची, कोकण रेल्वेत समोरची गाडी जाईपर्यंत क्रॉसिंगला थांबल्याची.

तारकर्लीच्या बाजूला घरगुती निवास चालवणाऱ्या एका मैत्रिणीचा दिवस सांगते. पहाटे उठून बंब पेटवायचा. आंबोळ्यांचं पीठ रात्रीच वाटून ठेवलेलं असतं. साडेसात ते नऊ नाश्ता, मग पाहुणे किल्ला बघायला नाहीतर डॉल्फिनच्या बोटीवर जातात. त्यानंतर भांडी, चादरी, मासळीबाजार, दुपारचं जेवण. तिची खात्री होती की तिला मोकळा वेळ दुपारी अडीचनंतर मिळतो. आठवडाभर टिपलं तेव्हा दिसलं, की अडीचला ती बसते खरी, पण डोळे मिटतात. पाहुणे अंगणाबाहेर पडले की भांडी भिजत घालून पडवीत टेकते, ती दहा-बारा मिनिटं खरी मोकळी. डोकंही ताजं असतं. तोवर तो वेळ फोनवर आलेले निरोप बघण्यात जात होता.

म्हणून वेळ टिपताना त्या वेळी डोकं कसं होतं तेही एका शब्दात लिहा. ताजं, पेंगुळलेलं, चिडलेलं. चिडलेलं असेल तरी चालतं, कधीकधी फार चांगलं लिहून होतं. पेंगुळलेलं मात्र सोडून द्या.

घड्याळाला नको, कामाला बांधा

वेळ सापडली की लोक लगेच ठरवतात, ‘रोज रात्री साडेनऊला बसणार.’ पण किनाऱ्यावरचं अर्धं काम घड्याळ पाळत नाही. भरतीचंच घ्या. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची अंदाजे वेळ काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. म्हणजे भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. ज्या घरात होडी आहे, किंवा ओहोटीला कालवं-तिसऱ्या काढायला जाणारं माणूस आहे, त्या घरचं जेवणखाणही तिच्याबरोबर सरकतं. अशा घरात साडेनऊ धरून बसलं तर आठवड्यातले निम्मे दिवस चुकणार, आणि चुकले की वाटणार, आपल्याला जमत नाही.

लेखन अशा कामाला बांधा जे तसंही रोज होतंच. एक वाक्य तयार करा: ‘अमुक झालं की तमुक जागी बसून लिहीन.’ खाडीवरून येऊन हातपाय धुतले की पडवीतल्या बाकावर. मुलांची रिक्षा गेली की पायरीवर. दुकानाचं शटर वर करून अगरबत्ती लावली की गल्ल्यावर. शेवटची फेरी संपवून हिशेब भरला की डेपोतल्या बाकड्यावर. पेज चुलीवर ठेवली की ओट्याशी.

खूण पक्की हवी. ‘चहा झाल्यावर’ ही कच्ची खूण, कारण चहा दिवसातून चार वेळा होतो आणि प्रत्येक वेळी वाटतं, पुढच्या चहाला लिहू. ‘सकाळच्या पहिल्या चहाचा कप विसळून पालथा घातला की’ ही पक्की खूण. तिथे हात थांबतो, आणि थांबलेल्या हातात पेन येऊ शकतं. जागाही ठरलेली असू द्या आणि वही त्या जागी आधीच ठेवलेली असू द्या. वही शोधायला माजघरात जावं लागलं की वाटेत तीन कामं दिसतात आणि लेखन राहतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. ९६ जणांनी एकेक छोटी कृती निवडली आणि १२ आठवडे ती रोजच्या एका ठरलेल्या खुणेला जोडली. कृती आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असं त्यातून निघालं, पण माणसागणिक फरक मोठा होता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज). २१ दिवसांत सवय लागते असं आपण सगळीकडे ऐकतो. त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका. पाडव्याला सुरुवात केलीत तर मिरगाच्या आसपास बघा, वही न उघडल्याची चुटपुट लागते का. लागत असेल तर सवय धरू लागली.

वही, पेन, फोन

शाळेची शंभर पानी वही पुरे. पुठ्ठ्याच्या देखण्या डायरीत खरडायला हात धजत नाही. पावसाळ्यात जेल पेन टाळा, ओल्या बोटाने अक्षर फुटतं. बॉलपेन बरं आणि पेन्सिल त्याहून बरी, ती दमट कागदावरही उमटते. वही झिपच्या पिशवीत ठेवा. भरलेल्या वह्या भिंतीला टेकवून फळीवर ठेवू नका. श्रावणात उघडीप पडली की त्यांना वारा दाखवा, नाहीतर भाद्रपदापर्यंत बुरशी धरते.

फोनवर लिहायचं तर रेंज नसताना चालणारं नोट्सचं ॲप घ्या, कारण घाटात आणि खाडीकाठी रेंजचा भरवसा नाही. हात कामात असतील तर कीबोर्डवरचं माइकचं बटण दाबून बोला, प्रमाण मराठी बऱ्यापैकी टाइप होते. मालवणी बोललात तर ते शब्द भलतेच करून टाकतं, तेव्हा नुसतं ऑडिओ रेकॉर्डिंग करा आणि सवडीने उतरवा. माझं मत विचाराल तर वही. वहीवर निरोप येत नाहीत.

दहा मिनिटांत नेमकं काय करायचं

बसल्यावर ‘आज कशावर लिहू’ हा प्रश्न स्वतःला विचारू नका. त्यातच दहा मिनिटं जातात. कालपासून आत्तापर्यंत डोळ्याने पाहिलेली किंवा कानाने ऐकलेली एक गोष्ट घ्या आणि तिचं नाव पहिल्या ओळीत लिहा. मग सात-आठ मिनिटं पेन उचलायचं नाही. वाक्यं तुटकी चालतील, शुद्धलेखन नंतर बघू. शेवटच्या मिनिटाला उद्या कुठून सुरू करायचं त्याची एक अर्धी ओळ लिहून वही मिटा. त्या अर्ध्या ओळीमुळे उद्या कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

मे महिन्यातल्या, आमसुलं करतानाच्या एका वहीतलं पान दाखवते, जसंच्या तसं:

‘रातांबे. पाटीभर. काकू हातानेच फोडते. बोटं काळपट लाल. बिया टोपात, साली सुपात. मुंगळे. आगळाचं चौथं पूट. काकू म्हणाली, औंदा पावस बेगीन येतलो. आभाळाकडे बघते. मुलगा फोन करणार होता. केला नाही. माशी.’

एवढंच. दहा मिनिटांत इतकं झालं तर दिवस भरून पावला. दुसऱ्या दिवशी नवीन विषय शोधायचा नाही. हेच पान वाचायचं आणि विचारायचं, यातली कोणती ओळ मला सोडत नाही? इथे ती ‘मुलगा फोन करणार होता’ ही आहे. आमसुलं कशी करतात हे सगळ्यांना माहीत आहे. काकू लाल हातांनी फोनची वाट बघते आहे, हे फक्त त्या पडवीत बसलेल्याला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी तेवढंच लिहायचं:

‘चौथं पूट देऊन काकूने साली परत सुपात पसरल्या. हात धुतले नाहीत, अजून निम्मी पाटी फोडायची होती. फोन वाजला तर लाल बोटांनी उचलता यायचा नाही, म्हणून तिने तो आवाज मोठा करून आधीच खुर्चीवर, पदराच्या कोपऱ्याने उचलता येईल असा ठेवला होता. “औंदा पावस बेगीन येतलो,” ती म्हणाली. आभाळ स्वच्छ होतं.’

‘ती मुलाची वाट बघत होती’ हे वाक्य यात नाही. ‘एकटी’, ‘उदास’ हे शब्दही नाहीत. फोन कुठे आणि कसा ठेवला एवढं सांगितलं की बाकीचं वाचणारा स्वतः भरतो. मुंगळे आणि माशी गेली, कारण ती काकूबद्दल काही सांगत नव्हती. आगळाचं पूट, म्हणजे सालींना दिलेला रातांब्याच्या रसाचा हात, राहिलं, कारण त्याच्यामुळे हात लाल आहेत. कच्च्या पानातून लेखन होतं ते असं: एक ओळ धरायची, तिला लागेल तेवढंच बाजूने ठेवायचं, उरलेलं वहीत राहू द्यायचं. तीन दिवस, तीन वेळा पेजेचं आधण.

बोलणं लिहिताना माणूस जसं बोलतो तसंच लिहा. काकूच्या तोंडी ‘यंदा पाऊस लवकर येईल’ घातलं की काकू पडवीतून उठून जाते. आपल्याकडे दर दहा-बारा कोसांवर बोली बदलते. मालवणी आहे, संगमेश्वरी आहे, वर उत्तरेला रायगडाकडे आगरी आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही सोय नव्याने लिहिणाऱ्याला बरी पडते. पुढे संपूर्ण बोलीत लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा. बाहेरच्या वाचकाला एखादा शब्द अडेल. आजूबाजूचं वाक्य चांगलं असेल तर तो अर्थ लावून घेतो.

काहीच सुचत नाही त्या दिवशी

असे दिवस येतात, भरपूर येतात. त्या दिवसांसाठी आपल्याकडे तयार साचे आहेत आणि ते कुठल्याही पुस्तकातल्या लेखन-अभ्यासापेक्षा चांगले आहेत.

एक गाऱ्हाणं. देवळात नाहीतर जत्रेत मानकरी घालतो ते. आज जी अडचण असेल तिचं गाऱ्हाणं लिहा. ‘बा देवा म्हाराजा! — व्हय म्हाराजा! आज ह्या घरातली पाण्याची मोटार बिघडली हा म्हाराजा! — व्हय म्हाराजा! तर जो काय अडथळो असात तो दूर कर, आणि दुरुस्ती करणाऱ्याक वाट दाखव रे म्हाराजा! — व्हय म्हाराजा!’ दोन-तीन वेळा लिहून बघा. लय हातात बसते, वाक्य कुठे थांबवायचं ते कळायला लागतं, आणि मोटारीवरून सुरू झालेलं गाऱ्हाणं पाचव्या ओळीला भलत्याच, मनातल्या खऱ्या दुखण्यापाशी पोचतं. मग तिथूनच पुढे लिहा.

दुसरा साचा दशावताराचा. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कोण काय करणार ते ठरतं, आणि संवाद कलाकार मंचावर उभ्या उभ्या रचतात. तसंच करा. आज बसमध्ये किंवा बाजारात दिसलेली दोन माणसं घ्या. एकाला काहीतरी हवंय, दुसऱ्याला ते द्यायचं नाहीये, एवढंच आख्यान ठरवा. घरात कोणी नसेल तेव्हा दोघांची भाषणं मोठ्याने बोला. मग आठवेल तेवढं उतरवा. बोलून लिहिलेल्या संवादाला पुस्तकी वास येत नाही.

याहून कमी बळ असेल तर नुसती नावं लिहा. आज बाजारात काय काय होतं: बांगडे, पेडवे, सौंदाळे, कर्ली, मोरीचे तुकडे. कोण कुठे बसलं होतं. कोणाच्या पाटीवर कोणी घासाघीस केली. नावं पाच झाली की सहावी ओळ बहुधा वाक्य होऊन येते. आली नाही तरी पान लिहिलं गेलं.

आठवड्यातून एकदा मोठी बैठक

रोजच्या दहा मिनिटांनी वही भरते, पण त्यातून कथा, ललित किंवा कविता पुरी व्हायची तर आठवड्यातून एकदा पाऊण तास लागतो. तो कुठून काढायचा? ज्या घरी सोमवारी वशाट नसतं, तिथे त्या दिवशी मासे आणणं, साफ करणं, वाटप वाटणं वाचतं. वरण-भातावर भागतं. तो वाचलेला वेळ लेखनाला द्या, आणि घरात तसं सांगून ठेवा.

त्या पाऊण तासात आधी आठवड्याची पानं वाचा. ज्या ओळीत जीव आहे तिच्यापुढे पेन्सिलीने खूण करा. खुणा दोन-तीनच होतील, कधी एकही होणार नाही. मग एक ओळ निवडून दुसऱ्या वहीत उतरवा. ही दुसरी वही पक्क्या लेखनाची. पुढचे तीन-चार आठवडे तिच्यात एकच लेखन पुढे न्यायचं. एक अर्धवट असताना दुसरं सुरू केलं की दोन्ही अर्धवट राहतात, आणि अर्धवट लेखनाच्या ढिगाने माणूस जितका खचतो तितका कशानेच खचत नाही. सुरुवातीला लहान लेखन धरा, तीनशे ते पाचशे शब्दांचं. महिन्याला एक पुरं झालं तर उत्तम वेग आहे.

पुरं झालेलं मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य लांबलंय. पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. पुष्कळदा खरी सुरुवात तिथे असते, पहिला परिच्छेद आपण गरम व्हायला लिहिलेला असतो.

हंगामाप्रमाणे माप बदला

वर्षभर रोज एक पान, असा नेम कोकणात टिकत नाही. टिकवायचा हट्टही करू नये. भरती दिवसातून दोनदा येतेच, पण उधाणाची मोठी आणि भांगाची लहान. लेखनाचं तसंच ठेवा. रोज वही उघडायची हे कायम. किती लिहायचं ते दिवसमानावर.

मार्च ते मे हा भांगाचा काळ. आंबा, काजू, सुट्टीतले पर्यटक, लग्नं. बागेत पहाटेपासून काढणी, मग निवड, आढी, पेट्या भरणं, गाडीत चढवणं. या दिवसांत तीन ओळींचा नेम पुरे. पण त्या तीन ओळी नुसती माहिती नकोत. ‘आज चाळीस पेट्या गेल्या’ हे हिशेबाच्या वहीत जाऊ दे. लेखनाच्या वहीत लिहा, पेटीत गवत घालताना दोन गडी काय बोलत होते.

जून लागला की लावणीपर्यंत पुन्हा ओढाताण असते. शेत नसलेल्यांना मात्र मिरग लागल्यापासूनच मोकळीक. मासेमारीची बंदी असते, होड्या शाकारलेल्या, पर्यटक गेलेले. लावणी आटोपली की शेतकऱ्यालाही जरा उसंत. आषाढ-श्रावणातल्या लांब संध्याकाळी, लाईट गेलेली असताना, मोठं लेखन करून घ्या. उन्हाळ्यातल्या तीन-तीन ओळी तेव्हा काढून बघाल तर चकित व्हाल, किती माल साठलाय. कंदील किंवा चार्जिंगचा दिवा मात्र आधीच हाताशी ठेवा.

गणपतीत लिहायला बसणं विसरा. घर चाकरमान्यांनी भरलेलं, भजनाच्या बाऱ्या, मोदक, करंज्या. तेव्हा फक्त ऐकायचं. वर्षभर मुंबईत असलेली आणि वर्षभर गावात असलेली माणसं एकाच पंगतीला बसून काय बोलतात, कुठे गप्प होतात, सामायिक घराच्या दुरुस्तीचा विषय निघाला की कोण उठून हात धुवायला जातं, हे वर्षातून एकदाच ऐकायला मिळतं. रात्री आडवं होण्याआधी ऐकलेली दोन वाक्यं टिपा, बास. त्यातून लिहायचं काम भातकापणी उरकल्यावर. पुढे जत्रा सुरू होतात, रात्ररात्र दशावतार चालतो, तिथे वही नेऊ नका, कान न्या.

घरातली माणसं

हा भाग कोणी बोलत नाही, पण सवय मोडते ती बहुतेक वेळा इथेच. ‘काय गो, काय खरडतंस?’ असा प्रश्न येणारच. लपवाछपवी केलीत तर उत्सुकता वाढते आणि वही कोणीतरी वाचतं. सरळ सांगा, ‘दहा मिनिटं लिहितेय, मग येते.’ आणि दहा मिनिटांनी खरोखरच उठा. दोन-तीन आठवड्यांत घराला त्या दहा मिनिटांची सवय होते. मुलं लहान असतील तर त्यांनाही एक वही द्या, तीही शेजारी बसून रेघोट्या मारतील.

गावातल्या माणसांबद्दल लिहिताना जास्त जपा. वाडीत पंचवीस घरं असतात आणि सगळी एकमेकांना ओळखतात. नाव बदलून भागत नाही, कारण ‘पाणंदीजवळचं घर, बापूस दारू पितो’ एवढ्यावर सगळे ओळखतात. कच्च्या वहीत खरं लिहा, ती तुमची आहे. बाहेर द्यायच्या लेखनात घर हलवा, नातं बदला, दोन माणसांचं एक करा, गाव खाडीच्या पलीकडे न्या. ज्याने विश्वासाने काही सांगितलं त्याचं दुखणं त्याला न विचारता छापायला देऊ नका. शेजारी गमावून मिळालेली कथा मला तरी परवडणारी वाटत नाही.

खंड पडला तर

आजारपण, मयत, परीक्षा, वादळ. खंड पडणारच. वर सांगितलेल्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडलं नव्हतं. राहिलेल्या दिवसांची भरपाई करायला जाऊ नका, एका दिवसात सात पानं लिहायचा बेत दुसरा खंड आणतो. परत बसाल त्या दिवशी तारीख घाला, खंड का पडला ते एका ओळीत लिहा आणि पुढे चला. घरात मयत झालेलं असेल तर महिनाभर काही लिहू नका, किंवा तेवढंच लिहा. दोन्ही बरोबर आहे.

वाचून दाखवा, मग पाठवा

महिन्याकाठी पुरं झालेलं लेखन वहीत ठेवून देऊ नका. आधी ऐकायला माणसं शोधा. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. तालुक्याच्या ठिकाणी जवळजवळ सगळीकडे वाचनालय आहे, आणि संध्याकाळी एक खोली तासभर द्या म्हटलं तर ग्रंथपाल सहसा नाही म्हणत नाहीत. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखाही जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, तिथे नव्याने लिहिणाऱ्यांना वाचायला मिळतं. चार-पाच जण पुरेत. एक नियम ठेवा: ऐकणाऱ्याने ‘छान’ किंवा ‘नाही आवडलं’ एवढ्यावर थांबायचं नाही. कुठे लक्ष उडालं आणि कोणतं चित्र डोळ्यासमोर राहिलं, ते सांगायचं. लिहिणाऱ्याने त्या वेळी खुलासे करायचे नाहीत, फक्त टिपून घ्यायचं.

दोन-तीन बैठकांतून गेलेलं लेखन पाठवायला तयार असतं. जिल्ह्यातल्या दैनिकांच्या रविवार पुरवण्या लहान ललित लेखनाला जागा देतात. दिवाळी अंकांची आपली परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासूनची आहे. मोठ्या अंकांबरोबर गावोगावचे लहान अंकही निघतात आणि नव्या नावांना तिथे लवकर संधी मिळते. बरेच संपादक पावसाळ्यातच साहित्य मागवतात, म्हणजे गणपतीनंतर पाठवलेलं उशिराचं. आषाढात पक्कं करून श्रावणाच्या आत पाठवायचा बेत ठेवा. युनिकोडमध्ये टाइप करा, शब्दसंख्या अंकाने सांगितली असेल तीच पाळा. सोबतच्या पत्रात तुमचं नाव, गाव, फोन आणि लेखनाचं शीर्षक एवढंच लिहा. कथा कशाबद्दल आहे ते तिथे समजावू नका. एकच लेखन एका वेळी दोन ठिकाणी धाडू नका. वहीच्या मागच्या पानावर कुठे, कधी पाठवलं ते नोंदवा. तीन महिने उत्तर नाही आलं तर विनयाने एकदा विचारा, मग दुसरीकडे पाठवा. तोवर पक्क्या वहीत पुढचं लेखन सुरू झालेलं असू द्या.